मेळघाटच्या पायथ्याशी पोरांसाठी चालणारं समुपदेशन केंद्र, कसं आहे ते सांगते

पहिले मुद्द्याचं सांगते, केंद्र चांगलं आहे, पाचपैकी चार स्टार देईन, आणि तुमच्या घरचं कॉलेजात शिकणारं पोट्टं जर काही आठवड्यांपासून झोपत नसेल, जेवत नसेल, फोन उचलत नसेल, "मन लागून नाही राहिलं" म्हणत असेल तर वाट न बघता घेऊन जा. नाव-पत्ता इथं मुद्दाम टाकत नाहीये. चालवणाऱ्या ताईंनीच विनंती केली, नाव सगळीकडे फिरलं की खाली कोणाची गाडी लागली, कोण वर गेलं हे बघायला माणसं उभी राहतात अन मग पोरं यायची बंद होतात. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाडा-अचलपूर भागात कोणत्याही हॉस्टेलच्या गृहपालांना किंवा कॉलेजातल्या एनएसएसच्या सरांना विचारा, ते सांगतील.

मी इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वर्गात सगळीकडची पोरं असतात, मेळघाटच्या डोंगरातून, धारणी-चिखलदऱ्याकडून खाली उतरलेली कोरकू आदिवासी पोरं, अचलपूरच्या मुस्लिम मुली, आजूबाजूच्या खेड्यांतली बौद्ध, कुणबी, माळी, तेली, बंजारा, एखादं फासेपारध्याचं. टेन्शन सगळ्यांनाच आहे, पण सगळ्यांचं टेन्शन सारखं नाही आणि ते सांगायची पद्धत तर अजिबातच सारखी नाही. आतापर्यंत पोरांना घेऊन जिथं जिथं गेले तिथं सगळ्यांना एकच माप लावलेलं पाहिलं, सगळ्यांना तोच फॉर्म, तेच भाषण, तोच "पॉझिटिव्ह विचार कर". इथं तसं नाही, आणि रिव्ह्यू लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

जागा म्हणाल तर एका कृषी केंद्राच्या वरचा मजला. खाली खताची पोती, फवारणीचे पंप, औषधाचा वास जिन्यापर्यंत येते, आणि एप्रिल-मे मध्ये कूलर लावून पण वर बसवत नाही. जिना मात्र मागच्या बाजूनं आहे आणि पाटीवर "मानसिक" हा शब्दच नाही, "विद्यार्थी मार्गदर्शन" एवढंच लिहिलंय. हे फार बरोबर केलं त्यांनी. आमच्याकडे पोरगी मानसोपचाराच्या पाटीखाली दिसली की संध्याकाळपर्यंत गावात "तिच्या डोक्यात फरक पडला" होते, अन मग तिच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत ते चिकटून राहते. बाहेरच्या खोलीत अभ्यासिकेसारखी टेबलं लावलीत, पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची पुस्तकं ठेवलीत, पोरं तिथं बसून वाचत असतात, त्यामुळे वाचायला कोण आलं अन आत जायला कोण थांबलं हे कोणालाच कळत नाही. आतल्या खोलीचं दार लागलं की बाहेर आवाज येत नाही, हे मी स्वतः बाहेर बसून पाहिलं. विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नाहीत, ज्या पालकांना जमते ते डब्यात टाकतात. ताई मानसशास्त्रात एम.ए. आहेत, समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या, अन महिन्यातून एकदा अमरावतीहून मानसोपचाराचे डॉक्टर येतात. गोळी लागली तर ते डॉक्टरच लिहून देतात, ताई कधीच औषध सांगत नाहीत, आणि हे पालकांनी नीट समजून घ्या कारण आपल्याकडे समुपदेशक अन मानसोपचारतज्ज्ञ एकच धरतात अन पहिल्या दिवशीच "ताई गोळी द्या ना एखादी" म्हणतात.

आता फॉर्मचं. पहिल्या भेटीला नऊ प्रश्नांचा कागद देतात, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, उदासी म्हणजे डिप्रेशन मोजायला जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी, कशात मन लागलं का, आपण नालायक आहोत असं वाटलं का, जीव नकोसा झाला का, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७ पैकी. दहा किंवा त्याच्या वर गेलं की नीट बघायला पाहिजे. चिंतेसाठी दुसरा सात प्रश्नांचा असते, जीएडी-७, तो २१ पैकी. फॉर्ममध्ये वाईट काही नाही, ज्या पोरांना लिहून सांगता येते त्यांच्यासाठी तर फार कामाचा आहे, माझ्याच एका विद्यार्थ्यानं तो भरताना म्हटलं की मॅडम हे सगळं माझंच लिहून ठेवलं हाय.

पण मी ज्या पोरीला घेऊन गेले होते तिची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. बीएससी पहिल्या वर्षाची कोरकू पोरगी, हॉस्टेलला राहणारी. फॉर्म भरला, नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य. म्हणजे कागदावर तिच्यापेक्षा सुखी पोरगी तालुक्यात नाही. ताईंनी कागद पाहिला, पोरीकडे पाहिलं, अन कागद पालथा घालून बाजूला ठेवला. मग विचारलं, "आज मेसमध्ये भाजी कोणती होती?" पोरगी म्हणे माहीत नाही. "काल?" माहीत नाही. "पोटात काय होते?" तर म्हणे, "दुखते." बॅगेत ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं, सोनोग्राफीचा रिपोर्ट पण होता, त्यात काहीच नव्हतं. कधीपासून दुखते विचारलं तर म्हणाली होळीपासून.

ज्यांना मेळघाट माहीत नाही त्यांना सांगते, कोरकूंची होळी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण, चार-पाच दिवस चालते, फगवा म्हणजे होळीची वर्गणी मागत फिरतात, बाहेर मजुरीला गेलेली माणसं झाडून घरी येतात. हिचं प्रॅक्टिकल नेमकं त्याच आठवड्यात. घरी जाता आलं नाही, आणि नंतर गेली तर घराला कुलूप, मायबाप होळी करून पुन्हा खाली कामाला निघून गेलेले. त्याच्या आधी वर्गात ती "मी गेला" म्हणाली अन अख्खा वर्ग हसला होता, तेव्हापासून तिनं वर्गात तोंडच उघडलं नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या नात्यातली, मराठीशी तिचं काही नातं नाही, गोंडीशी पण नाही. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी ती आपली भाषा सांगितली. पोरगी तीन भाषांत जगून राहिली अन आपण तिला एका लिंगाच्या चुकीवर हसून राहिलो.

शून्य का भरले हे पण तिनं नंतर सांगितलं आणि ते ऐकून मी गप्पच झाले. तिला वाटलं हा कागद हॉस्टेलला जाणार. लहानपणापासून तिनं जे जे फॉर्म भरले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आश्रमशाळेचा, हॉस्टेलचा, स्कॉलरशिपचा, त्या प्रत्येकात एक चुकीचं उत्तर असते, ते लिहिलं की नाव कटते. मग "मन लागत नाही" असं कागदावर लिहून कोण सीट घालवणार? फॉर्मवर भरवसा ठेवायला आधी फॉर्मनं आपलं भलं केलेलं असावं लागते, आणि ते सगळ्या पोरांच्या बाबतीत झालेलं नाही.

ताईंनी मग एका मोठ्या पोरीला बोलावलं, तीही कोरकूच, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याचं शिक्षण घेणारी. दोघी आत बसल्या, ताई सुद्धा बाहेर आल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा पोरीचे डोळे सुजलेले होते, अन ती म्हणाली, मॅडम भूक लागली. खालच्या हॉटेलात आलूबोंडा खाल्ला तिनं, दोन. नंतर डॉक्टरांनी पण पाहिलं, गोळी लागली नाही, बोलणं चालू आहे, कॉलेजला येते. पोटदुखी पूर्ण गेली असं नाही.

हे आपल्याकडचंच आहे असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचा हेल्दी माइंड्स नावाचा मोठा सर्वे आहे, त्यात हाच पीएचक्यू-९ वापरतात. २०१३ ते २०२१ चा डेटा घेऊन तिथल्या संशोधकांनी वंशानुसार वेगवेगळं करून पाहिलं, ३७३ कॅम्पस, साडेतीन लाखांवर विद्यार्थी. शेवटच्या वर्षी म्हणजे २०२०-२१ मध्ये दहातल्या सहांहून जास्त पोरांना काही ना काही मानसिक त्रासाची लक्षणं निघाली, २०१३ च्या मानानं जवळपास दीडपट. सगळ्याच गटांत वाढ झाली, गोरे, काळे, आशियाई, लॅटिनो, सगळे. पण डिप्रेशन, चिंता, जीव द्यायचे विचार, या सगळ्यांत सर्वात जास्त वाढ कोणात झाली तर तिथल्या मूळ रहिवासी, म्हणजे अमेरिकन इंडियन अन अलास्काच्या आदिवासी विद्यार्थ्यांत. मी हे वाचलं तेव्हा मला लगेच मेळघाटातल्या सेमाडोह-हरिसालच्या रस्त्यानं येणारी आमची पोरं दिसली. देश वेगळा, इतिहास वेगळा, दोन्हीकडची कारणं एकच आहेत असं म्हणणार नाही, पण आपली भाषा घरी ठेवून दुसऱ्याच्या भाषेत पास व्हायला लागणं दोन्हीकडे आहे.

आणि त्याच्याहून मोठी गोष्ट उपचाराची. त्या अभ्यासात काळ्या, आशियाई आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचं उपचार घेण्याचं प्रमाण ज्या वर्षी सर्वात चांगलं होतं, ते गोऱ्या विद्यार्थ्यांच्या सर्वात वाईट वर्षाच्या बरोबरीचं किंवा त्याच्यापेक्षा कमीच होतं. अरब-अमेरिकन पोरांत तर त्रास २२ टक्क्यांनी वाढला अन उपचार १८ टक्क्यांनी घटले. म्हणजे फरक दोन जागी आहे, एक तर त्रास कोणाला किती, आणि दुसरा, दारापर्यंत कोण पोचते. आपल्याकडे पहिल्यावरच भांडणं होतात, "आमच्या पोरांना काय कमी टेन्शन आहे का" वगैरे, दुसऱ्याकडे कोणी बघतच नाही. आणि मला हे केंद्र आवडलं ते दुसऱ्याकडे बघते म्हणून.

ताईंकडे एक साधं रजिस्टर आहे. नाव लिहीत नाहीत, फक्त गाव, वर्ष, मुलगा-मुलगी, घरी कोणती भाषा बोलता एवढंच. सहा-सहा महिन्यांनी त्या ते काढून बसतात आणि कोण आलं ह्याच्याऐवजी कोण आलं नाही ते बघतात. सुरुवातीला म्हणे सगळी शहरातली, मराठी बोलणारी, ज्यांच्या घरी कोणीतरी मास्तर नाहीतर नोकरीवाला आहे अशीच पोरं येत होती. डोंगरातली जवळजवळ नाहीतच, मुस्लिम मुली नाहीत, पारध्यांची तर नाहीतच. आपल्याकडे कोणी आलं नाही म्हणजे त्यांना काही त्रासच नाही असा अर्थ लावून मोकळे होणारे खूप पाहिलेत. ताईंनी उलटं केलं, रजिस्टर बंद करून हॉस्टेलवर जायला लागल्या, भाषण न देता, मेसमध्ये मुलींसोबत पोळ्या लाटायला बसायच्या. अचलपूरच्या मुलींसाठी दुपारची वेळ ठेवली कारण संध्याकाळी त्यांना घरून सोडत नाहीत. एवढ्यानं रजिस्टर बदललं.

घरापर्यंत जाण्यानं फरक पडते हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेलं आहे बरं का, फक्त आपल्यालाच माहीत नाही. विश्राम नावाचा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चालला होता, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवायचे अन गरज असेल त्याला पुढे डॉक्टरकडे. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते ते २७.२ टक्के झाले, २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या डॉक्टरी संशोधनाच्या मासिकात छापून आलं ते. देशभरातल्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेनं तर सांगितलं होतं की नेहमीच्या मानसिक आजारांत शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. मग आपल्या खेड्यांत सहापट फरक पडला ही लहान गोष्ट आहे का?

आता दुसरा पोरगा. हा बौद्ध, दर्यापूरकडचा, घरातला पहिलाच इंजिनिअरिंगला गेलेला, मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात. कॉलेजचं नाव मी घेणार नाही. पहिल्याच आठवड्यात रूममधल्या पोरांनी विचारलं, "तुझा रँक किती?" रँकच्या आडून जात अन आरक्षण विचारून राहिले हे त्याला बरोबर समजलं. नंतर ग्रुपमध्ये प्रोजेक्टला घेईनात, व्हायवाला सरांनी आडनाव दोनदा विचारलं. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. बापाला वाटलं पोरगं आळशी झालं, आईनं कुठून कुठून अंगारा आणला. मावशीनं इकडे पाठवलं, मी ओळखते तिला म्हणून मला माहीत.

तिकडच्या कॉलेजातल्या समुपदेशकांनी त्याला सांगितलं होतं की दुर्लक्ष कर, तू जास्त सेन्सिटिव्ह आहेस. इथं ताईंनी तसं म्हटलं नाही. त्यांनी तारीखवार लिहून घेतलं कोण काय बोललं, आणि म्हणाल्या, "हे तुझ्या डोक्यातलं नाही रे दादा, हे तुझ्यासोबत झालं आहे. झोपेचं अन धडधडीचं आपण बघू, अन याचं काय करायचं तेही बघू." दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. झोपेसाठी डॉक्टर. अन दुसऱ्यासाठी कॉलेजात तक्रार कुठं करता येते, समान संधी कक्ष कुठं असते, अर्ज कसा लिहायचा, हे समोर बसून सांगितलं, करायचं का नाही ते त्याच्यावर सोडलं. पोरगं मला म्हणालं, मॅडम, कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं की मी येडा नाही.

अशा गोष्टी काही आज नवीन नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासायला २००६ मध्ये समिती नेमली होती, अध्यक्ष होते प्राध्यापक सुखदेव थोरात, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. २००७ मध्ये अहवाल दिला, त्यात शिक्षकांच्या वागणुकीपासून हॉस्टेलमध्ये वेगळं पडण्यापर्यंत सगळं आहे. आणि २०२० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, आपल्या देशातल्या मोठ्या माणसांच्या सर्वेवरून, असं दिसलं की शिक्षण अन मालमत्ता सारखी धरून पाहिलं तरी दलित आणि मुस्लिम लोक उदासी-चिंता जास्त सांगतात, वरच्या जातीच्या हिंदूंच्या मानानं. म्हणजे "गरिबीमुळे आहे, जातीमुळे नाही" असं म्हणून सुटका होत नाही. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा सरकारी आकडा बघा, २०२२ मध्ये देशात १३,०४४, त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, १,७६४. त्या तक्त्यात पोरगं कोणत्या समाजातलं होतं हे दिसत नाही. मग कोणाकडे आधी धावायचं हे कसं कळणार?

शेतकऱ्यांच्या पोरांचं पण सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल ते सुखात आहेत. कपाशीचा भाव, संत्र्याची गळ, सोसायटीचं कर्ज, अन पोरगं तीन वर्षांपासून भरतीचं ग्राउंड मारून राहिलं. त्याला कोणी जातीवरून हिणवलं नाही, पण घरातल्या शेवटच्या दोन एकरांवर त्याचा क्लास लागला आहे हे तो रोज मोजते. याच्यासमोर ताई वेगळं बोलतात, बापालाच बोलावून घेतात, अन "यंदा नाही लागला तर काय करायचं" हे तिघं मिळून कागदावर मांडतात. एखाद्या मुलीचं टेन्शन जात पडताळणीचं असते, व्हॅलिडिटी आली नाही तर ॲडमिशन जाईल म्हणून रात्र रात्र जागते, तिला श्वासाचा व्यायाम शिकवून काय होणार, तिला आधी कागदपत्रांची यादी लागते. ती पण ताईंकडे आहे, फाईलमध्ये.

आता कमी कुठं आहे ते, कारण एक स्टार कापला तो उगीच नाही.

सगळ्यात मोठी कमी भाषेची. ती कोरकू बोलणारी ताई कायमची नाही, तिचं शिक्षण चालू आहे, परीक्षा आली की ती नसते, अन मग डोंगरातली पोरगी पुन्हा मराठीत शोधून शोधून बोलते. फॉर्मचं मराठी पण पुस्तकी आहे, "गोष्टींमध्ये रस किंवा आनंद न वाटणे" असं आमच्याकडे कोण बोलते? आमच्याकडे जीव घाबरते, छाती भरून येते, डोकं जड पडते, हातापायातलं निघून गेल्यासारखं वाटते, काही गोड नाही लागत. ताई तोंडी विचारताना तसंच विचारतात, पण कागद तोच. तोंडी प्रश्नांची एक वऱ्हाडी अन एक कोरकू यादी करून घ्या असं मी त्यांना सांगितलं, अर्थात मार्क मात्र मूळ फॉर्मचेच धरायचे, नाहीतर डॉक्टरांना काही समजणार नाही.

दुसरं, जास्त वेळ मिळते तो रविवारी, आणि रविवारी घाटातून येणाऱ्या पोरांचे गाडीचे हाल होतात, संध्याकाळच्या आत परत निघावं लागते, नंबर मागे असला तर अर्ध्या बोलण्यात उठावं लागते. रडता रडता घड्याळ बघणारी पोरगी मी पाहिली आहे. लांबच्यांना आधी घ्या, गावातल्यांना नंतर, एवढं केलं तरी पुरे.

तिसरं, पोरांसाठी पुरुष समुपदेशक नाही. मध्ये एक सर येत होते, पण ते ऐकण्यापेक्षा सांगायचे जास्त, "मी पण गरिबीतून वर आलो" वगैरे, पोरं मान हलवून निघून जायची. ताईंनीच त्यांना थांबवलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. पण मग काही पोरं बाईसमोर बोलतच नाहीत, विशेषतः प्रेमाचं, दारूचं, त्यांचं काय? महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांवर ते सगळं लोटून चालत नाही.

तुलनेसाठी एक सांगते, वर्गणी भरून वापरायचं एक ॲप पण आम्ही काही पोरांना वापरायला लावलं होतं, नाव लिहीत नाही. रोज मूड विचारते, पिवळा हसरा चेहरा, निळा रडका चेहरा, समुद्राच्या लाटांचा आवाज लावते. शहरातल्या इंग्रजी वाचणाऱ्या एका पोरीला आवडलं, खरंच उपयोग झाला तिला, झोप सुधारली. बाकीच्यांनी आठवड्यात काढून टाकलं. डोंगरात नेटवर्क नाही ही गोष्ट वेगळीच.

कॉलेजवाल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर पाहिजे. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गात मोठ्या अक्षरांत लावायचे. आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशा मागे ठेवल्या गेलेल्या समाजांतल्या पोरांशी कसं वागायचं याचं शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, हे पण त्यात आहे. वर्षातून एकदा पाहुणा बोलावून हारतुरे करून फोटो काढला म्हणजे हे झालं असं धरू नका, कृपा करून. केंद्राच्या ताई कॉलेजात यायला तयार आहेत, गाडीभाडं दिलं तरी येतात.

जायचं असेल तर काही गोष्टी. पहिल्या वेळी पोराला एकट्याला आत जाऊ द्या, आईबापांनी सोबत बसायचा हट्ट करू नका, ताई नंतर बोलावतात. आधीचे रिपोर्ट, चालू गोळ्या असतील तर न्या. काही कागद नसले तरी घेतात, आधार पण मागत नाहीत. ज्यांना इतक्या लांब यायला जमत नाही किंवा रात्रीच अडचण आली त्यांनी १४४१६ लावा, ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. केंद्राच्या दारामागे पण हाच नंबर लावलाय, आणि हॉस्टेलच्या पोरींनी तो फोनमध्ये मैत्रिणीच्या नावानं सेव्ह करून ठेवलाय म्हणजे कोणी बघितला तरी प्रश्न नाही. कोणी जीव द्यायचं बोलून राहिलं असेल तर रविवारची वाट पाहू नका, त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा अन सरळ सरकारी दवाखान्यात न्या.

अन मेळघाटातल्या कोणी हे वाचलं तर त्यांना एक विनंती. कोरकू बोलणारी, बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू झालेली किंवा नुसती बारावी झालेली पण शांतपणे ऐकून घेणारी कोणी ताई-दादा धारणी, चिखलदरा, हरिसाल, सेमाडोह भागात असतील तर त्यांनी केंद्रात ताईंना भेटावं. शिकवायची तयारी त्यांची आहे, थोडंफार मानधन पण ठरलंय, अन जूनमध्ये ॲडमिशन सुरू व्हायच्या आत माणूस पाहिजे.